बायकोचा नंबर आणि बेबाकीचा दाखला

आमच्या पत्रपेटीत रोज जेवढा कागद येतो, त्यातला बहुतेक थेट रिसायकलिंगच्या निळ्या बिनमध्ये जातो. पिझ्झ्याची कूपनं, छप्पर बदलून देणाऱ्यांची पत्रकं, दात पांढरे करून देणाऱ्यांचे हसरे फोटो. हे काम बायको करते, आणि पत्रपेटीपासून गॅरेजपर्यंत चालत येता येताच उरकते. त्या दिवशी पत्रपेटी मी उघडली. सगळं तिथून सुरू झालं असं तिचं अजूनही म्हणणं आहे.

त्या गठ्ठ्यात एका मोबाइल कंपनीचं जाड, गुळगुळीत कार्ड होतं. तुमचा फोन आणा, तुमचा नंबर आणा आणि प्रत्येक लाइनमागे दोनशे डॉलर घेऊन जा. नवा फोन विकत घ्यायची अट नव्हती. "दोनशे"च्या शेजारी एक बारीकशी चांदणी होती. मी बारीक अक्षरं वाचणारा माणूस आहे. चांदणी दिसली की ती कुठे उतरते ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. कार्डाच्या मागे फिकट राखाडी अक्षरांत अकरा अटी होत्या. जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन मी त्या सगळ्या वाचल्या.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"खोट."

"सापडली?"

"नाही. तेच विचित्र वाटतंय."

आमचे तिन्ही फोन स्वतःचे, पूर्ण पैसे देऊन घेतलेले, कुठल्याही कंपनीला न बांधलेले. तीन लाइन, म्हणजे सहाशे डॉलर. शिवाय महिन्याचं बिल एकशेवीसवरून एकशेपाचवर येणार होतं. मी तीन संध्याकाळी आकडेमोड केली. पहिल्या संध्याकाळचं उत्तर आणि तिसऱ्या संध्याकाळचं उत्तर एकच होतं, पण मधली संध्याकाळ मला लागतेच. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती येता जाता लॅपटॉपवर नजर टाकून म्हणाली, "बाबा, इट्स ओन्ली थ्री लाइन्स. यू डोन्ट नीड अ स्प्रेडशीट."

बायकोने मात्र एकच अट घातली. त्या कार्डावरच्या अकरा आणि तिची ही बारावी. "माझा नंबर बदलता कामा नये."

त्या नंबराबद्दल सांगायला हवं. आम्ही जर्सी सिटी सोडून या कॅरी गावात आलो तेव्हापासून, म्हणजे सोळा वर्षं, तिचा नंबर तोच आहे. त्यातली पंधरा वर्षं ती नव्याने आलेल्या बायकांना गाडी चालवायला शिकवते आहे. आमच्या गावात गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. नवरा गाडी घेऊन रिसर्च पार्कमधल्या ऑफिसात जातो आणि बायको तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमधून पाइनची झाडं मोजत बसते. लग्न होऊन नुकतीच आलेली एखादी, पीएचडीला आलेली एखादी, मुलीच्या बाळंतपणाला म्हणून आलेली आणि इथेच राहिलेली एक आजीसुद्धा. कुणीतरी कुणालातरी सांगतं, "त्या काकूंना फोन कर." नाव पुष्कळांना माहीतही नसतं. नंबर मात्र इंडियन ग्रोसरीच्या रांगेत, बारशाच्या पंगतीत, योगाच्या वर्गात हातोहात फिरत असतो. ती पैसे घेत नाही. शनिवारी आणि रविवारी सकाळी एका चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये आमची जुनी गाडी घेऊन जाते आणि शिकवते.

तिचा एकच दस्तूर आहे. लायसन्स मिळालं की एकटीने चालवलेली पहिली गाडी आमच्या दारात यायला हवी. दारात आल्यावर बेल वाजवायची नाही. गाडीत बसूनच फोन करायचा आणि म्हणायचं, "काकू, आले." मग बायको हळदकुंकू घेऊन बाहेर जाते, गाडीच्या बॉनेटला एक बोट लावते आणि त्या मुलीला आत आणून चहा देते. हे दोन शब्द मी स्वयंपाकघरातून इतक्या वेळा ऐकले आहेत, की नुसत्या बायकोच्या "हं, थांब" वरून मला कळतं की कुणीतरी पास झालंय.

"नंबर तोच राहणार," मी तिला सांगितलं. "पाचव्या कलमात स्पष्ट लिहिलंय. नंबर आणलाच पाहिजे, नाहीतर बक्षीसच नाही."

"मला कलम नको. तुम्ही सांगा."

"मी सांगतो."

हे वाक्य पुढच्या आठवड्यात मला बऱ्याचदा ऐकायला मिळालं.

शनिवारी सकाळी मी मुलीला घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेलो. बायको शिकवणीला गेली होती आणि फोन अर्थात तिच्याबरोबर होता. दुकानातल्या तरुणाने माझा आणि मुलीचा नंबर वीस मिनिटांत नव्या कंपनीत आणला. बायकोचा नंतर आणा, म्हणाला, ऑफर महिनाअखेरपर्यंत आहे. निघताना त्याने मला एक गोष्ट दोनदा सांगितली. जुन्या कंपनीला फोन करू नका, काही बंद करू नका, नंबर इकडे आला की तिकडचं आपोआप बंद होतं.

मी ते ऐकलं. मला ते पटलं नाही.

याचं कारण थोडं मागे आहे. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची दर तीन वर्षांनी बदली व्हायची. गाव सोडायच्या आदल्या आठवड्यात ते मला घेऊन फिरायचे. वाणी, दूधवाला, वाचनालय, रद्दीवालासुद्धा. प्रत्येकाकडून एक चिठ्ठी लिहून घ्यायचे, की यांच्याकडे आमचं काही येणं राहिलेलं नाही. बेबाकीचा दाखला म्हणायचे ते त्याला. दूधवाल्याला लिहिता येत नसेल तर चिठ्ठी वडील लिहायचे आणि तो अंगठा द्यायचा. न सांगता, हिशोब न मिटवता जाणं म्हणजे पळून जाणं, असं त्यांचं मत होतं. ते माझ्यात जसंच्या तसं उतरलं आहे. जर्सी सिटीत आम्ही पहिलं अपार्टमेंट सोडलं तेव्हा मी लॉन्ड्रीवाल्याकडूनसुद्धा लिहून घेतलं होतं. तो माणूस बराच वेळ माझ्याकडे बघत होता. ते कागद आजही माझ्या फाइलमध्ये आहेत. बायको त्या फाइलला माझी कुंडली म्हणते.

तर, ज्या कंपनीने सोळा वर्षं आमचे फोन चालवले, तिला एक शब्द न सांगता कसं सोडायचं? शिवाय आणखी एक गोष्ट होती. जुन्या कंपनीचा महिना सोमवारी संपत होता. मंगळवारी नवा महिना लागला की एका उरलेल्या लाइनसाठीही अख्ख्या महिन्याचे पन्नास डॉलर आगाऊ लागणार होते. बायकोचा नंबर सोमवारीच हलवता आला असता, पण सोमवारी संध्याकाळी मुलीच्या शाळेत पालकांची भेट होती. म्हणजे एका दिवसासाठी पन्नास डॉलर.

सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी जुन्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक अतिशय गोड आवाजाची बाई होती. मी तिला सांगितलं की आम्ही तुमची सेवा सोडतोय, सेवा उत्तम होती, तक्रार काही नाही. ती म्हणाली, हे ऐकून वाईट वाटलं. मग मी विचारलं की आमच्याकडे काही बाकी नाही असं लेखी मिळेल का. तिने मला प्रश्न पुन्हा सांगायला लावला. असं पत्र आजवर कुणी मागितलं नसावं. मग म्हणाली, शेवटचं बिल खातं बंद झाल्यावरच निघतं. त्यावर बाकी शून्य दिसेल, ते मी ईमेल करू शकते. आजच्या तारखेने बंद करू का?

माझ्या डोक्यात तेव्हा हिशोब असा होता. खातं त्यांचं, नंबर आपला. बँकेतलं खातं बंद केलं तर पैसे आपल्याला परत मिळतात, तसं खातं बंद झालं तरी नंबर आपल्या हातात राहील आणि मंगळवारी तो मी दुकानात नेऊन देईन. मी म्हणालो, "येस, प्लीज. काइंडली डू द नीडफुल."

तिने ते केलं.

दहा मिनिटांत ईमेल आला. बाकी: शून्य. मी तो छापला, पंच केला आणि फाइलला लावला. फाइल बंद करताना मला खरोखर बरं वाटलं. वडील असते तर त्यांनाही वाटलं असतं.

मंगळवारी सकाळी बायको म्हणाली, "अहो, माझ्या फोनवर वरच्या कोपऱ्यात काही दिसत नाहीये."

"आज संध्याकाळी नव्या कंपनीत जायचंय ना. तयारी चालू असेल."

ही तयारी कोण करत असेल, हे मी स्वतःला विचारलं नाही.

संध्याकाळी दुकानातल्या त्या तरुणाने बायकोचा नंबर तीन वेळा टाइप केला. चौथ्या वेळी त्याने तो मोठ्याने वाचत टाइप केला. मग म्हणाला की हा नंबर चालू नाही, बंद झालेला नंबर आणता येत नाही. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "डिड यू कॉल देम?"

बायको माझ्याकडे वळली. "काय म्हणतोय तो?"

तिला इंग्रजी माझ्याइतकंच येतं. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं, पन्नास डॉलर आणि शून्य बाकीसकट. तिने ऐकून घेतलं. ती चिडली असती तर सोपं झालं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "म्हणजे सोळा वर्षांचा नंबर देऊन तुम्ही कागद आणलात."

गाडीत मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, यू ब्रोक अप विथ देम ॲण्ड आस्क्ड फॉर अ रिसीट."

घरी येऊन मी जुन्या कंपनीला पुन्हा फोन लावला. तासभर वाट पाहिल्यावर कळलं ते असं. नंबर अजून कुणाला दिलेला नाही, तो राखून ठेवलेल्या नंबरांत आहे. पण किती दिवस राहील ते सांगता येत नाही. खातं बंद असल्यामुळे फोनवरून काही करता येणार नाही, दुकानात ओळखपत्र घेऊन या. बायको समोरच्या खुर्चीत दोडके चिरत होती. मी "राखून ठेवलाय" म्हटल्यावर तिने मान वर केली. "किती दिवस" म्हटल्यावर परत खाली घातली.

"ओळखीच्यांना मेसेज करून नवा नंबर देता येईल," मी म्हणालो. घरच्या वाय-फायवर तिचे मेसेज चालू होते.

"ओळखीच्यांना मला काही सांगायचंच नाहीये हो. ज्यांना मी ओळखत नाही त्यांच्यासाठी तो नंबर आहे."

मी जुन्या कंपनीच्या दुकानाच्या वेळा शोधू लागलो.

बुधवारी मी घरून काम करत होतो; दुकानात जायला सुट्टी गुरुवारची मिळाली होती. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बायकोची एका मुलीबरोबर शेवटची प्रॅक्टिस ठरली होती. ही अकोल्याकडची, इथे येऊन आठ महिने झालेली, आणि शुक्रवारी तिची ड्रायव्हिंगची टेस्ट होती. ती एकदा नापास झाली होती, हाताने वळायच्या खुणा दाखवताना डावं उजवं उलट करून. नेहमीचा रिवाज असा की बायको तिच्या अपार्टमेंटच्या फाटकाशी जाऊन फोन करते, "खाली ये." बायको सवयीने पावणेपाचला निघाली. घराबाहेर पडलं की आपला फोन म्हणजे नुसतं घड्याळ आहे, हे तिच्याही लक्षात आलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी आमची बेल वाजली. दारात तीच मुलगी. कपाळावर घाम, हातात स्टीलचा डबा. आमच्याकडे कुणी चालत आलं की शेजारी पडदा बाजूला करून बघतात, आणि ही तीन मैल चालत आली होती.

"काका, काकू आहेत?"

"त्या तुला घ्यायला गेल्यात."

तिचा चेहरा बदलला. "मला घ्यायला? मग त्यांनी मला ब्लॉक नाही केलं?"

मला काही कळेना. तिने सांगितलं ते असं. रविवारी आमच्या ड्राइव्हवेतून गाडी मागे घेताना तिने आमच्या निळ्या बिनला ठोकलं होतं. बायको हसली होती आणि विसरून गेली होती. मुलगी विसरली नव्हती. बुधवारी दुपारी तिने फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज आला, हा नंबर सेवेत नाही. दोनदा लावला, दोनदा तेच. मेसेज करायचा धीर झाला नाही. मग तिने शंकरपाळी केली आणि माफी मागायला चालत निघाली.

"मला वाटलं काकूंनी मला काढून टाकलं. टेस्ट परवा आहे आणि मी बिन मोडलं."

"बिन मोडलं नाहीये. पोचा आलाय फक्त. आणि फोन काकूंनी बंद नाही केला. मी केला."

"तुम्ही? का?"

वडिलांपासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "हिशोबात चूक झाली."

आणि मग माझ्या लक्षात आलं की बायको तीन मैलांवर एका फाटकाशी उभी राहून वाट बघते आहे आणि मला तिला फोन करता येत नाही. बावीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. मी किल्ली घेतली. मुलगी म्हणाली, "काका, मी चालवू? प्रॅक्टिस होईल." तिच्याकडे शिकाऊ परवाना होता आणि शेजारी लायसन्सवाला मोठा माणूस बसला की झालं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

"काका, सीटबेल्ट."

"लावलाय."

"नाही, तुम्ही नुसता हातात धरलाय."

मी तो लावला. ती हळूच ड्राइव्हवेतून मागे आली. बिनच्या बाजूने जाताना आम्ही दोघांनीही श्वास रोखला. पहिल्या चौकात चारही बाजूंना थांबायची पाटी होती, तिथे ती थांबली ती थांबलीच. चौथी गाडी गेल्यावर मी म्हणालो, "आता आपली पाळी."

"हो, माहितीये. काका, तुम्ही काहीतरी बोला ना. काकू चालवताना बोलतात."

"काय बोलतात?"

"भाजीचं. म्हणजे भीती वाटत नाही."

मी विचार केला. "आमच्याकडे काल दोडका होता."

"कसा केला?"

"मला काय माहीत. मी खाल्ला. डावीकडे, डावीकडे घे."

"हो, घेतेय. दाण्याचं कूट घालून की मुगाची डाळ घालून?"

"डाळ. बहुतेक. पुढे सिग्नल पिवळा आहे."

"काका, तुम्ही भाजीचं नाही बोलत, तुम्ही सिग्नलचं बोलताय."

ती चांगली चालवत होती, हे लिहायला हवं. उजवीकडे वळताना नीट थांबली, मग वळली. गोल चौकात लेन सोडली नाही. माझा पाय मात्र पूर्ण तीन मैल माझ्या बाजूच्या चटईवर ब्रेक दाबत होता.

अपार्टमेंटच्या फाटकाशी बायको गाडीला टेकून उभी होती, हातात तो मुका फोन. स्वतःच्याच घरची गाडी येताना बघून ती सरळ झाली. मुलीने गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये लावली. बायको खिडकीशी आली, आधी रेघा पाहिल्या, मग मला पाहिलं.

"छान लावलीस. पण हे सामान कुठून आणलंस?"

"काकू, मला वाटलं तुम्ही मला ब्लॉक केलं."

"ब्लॉक? मला ते येत सुद्धा नाही गं. यांना येतं. तेही नकळत." मग माझ्याकडे वळून, "घाम पुसा. टेस्ट तिची आहे."

त्या दोघी प्रॅक्टिसला गेल्या आणि मी शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन एकटाच घरी आलो. येताना एक गोष्ट मात्र मला आकड्यांत दिसली, कारण मला गोष्टी तशाच दिसतात. फोन न लागल्यामुळे एक मुलगी तीन मैल चालत आली होती. तिला घर माहीत होतं म्हणून. ज्यांना घर माहीत नाही, त्यांनी फोन ठेवून दिला असता आणि परत तिसऱ्या मजल्यावर पाइन मोजत बसल्या असत्या. त्या किती, हे कुठल्याच रकान्यात येणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी ऑफिसातून सुट्टी घेऊन मी बायकोबरोबर जुन्या कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईला मी आमची ओळखपत्रं दिली आणि सवयीने तो शून्य बाकीचा कागदही दिला. तिने तो उलटसुलट पाहिला. माझ्या नोकरीत हा कुणी छापून आणलेला पहिलाच, म्हणाली. मग बराच वेळ तिने स्क्रीनकडे पाहिलं. आम्ही दोघं तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. बायकोने काउंटरची कड धरली होती.

"इट्स स्टिल हिअर," ती बाई म्हणाली.

नंबर मिळेल, पण नवं खातं उघडावं लागेल, बायकोच्या नावाने. पुन्हा जोडायचे पस्तीस डॉलर. एकट्या लाइनचे महिन्याला पन्नास. आणि फोन यायला एक ते दोन दिवस लागतील, कारण इतर कंपन्यांच्या यंत्रणेला हा नंबर परत जिवंत झाल्याचं कळायला वेळ लागतो. मी विचारलं की हाच नंबर नंतर नव्या कंपनीत नेला तर बक्षीस मिळेल का. ती म्हणाली, साठ दिवस इथे राहिला तर मिळेल बहुतेक.

मी बायकोकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"मी फक्त साठ दिवसांनी—"

"तो जिथे आहे तिथे राहील. तुम्ही दोघं कुठेही जा."

मी सही केली. खरं म्हणजे सही तिने केली, खातं तिचं. पत्ता, जन्मतारीख, सगळं तिने भरलं. ते भरताना ती एकदाच माझ्याकडे वळून म्हणाली, "आता हे बंद करायला माझी सही लागेल ना?" त्या बाईने सांगितलं, हो. बायकोने हे उत्तर मराठीत माझ्यासाठी परत सांगितलं.

हिशोब मी त्याच दिवशी केला, तोही सांगून टाकतो. घरात आता दोन कंपन्या आहेत. माझे आणि मुलीचे मिळून ऐंशी आणि बायकोचे पन्नास, म्हणजे पूर्वीपेक्षा महिन्याला दहा जास्त. बक्षीस सहाशेचं चारशे झालं. पस्तीस गेले. वर्षाअखेरीस दोनशे पंचेचाळीस उरतात. बायकोने ते शिकवायच्या गाडीच्या पुढच्या दोन टायरांसाठी आधीच लावून ठेवले आहेत. टायर तसेही बदलायला झालेच होते.

शुक्रवारी टेस्ट साडेअकराला होती, त्या मुलीच्या नवऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर. तिला बायकोने बुधवारीच, फाटकाशी माझ्यासमोर, सांगितलं होतं, की पास झालीस तर नेहमीसारखं, दारात ये आणि फोन कर. "लागला नाही तर?" मुलीने विचारलं होतं. "लागेल," बायको म्हणाली होती, आणि तेही माझ्याकडे न बघता.

सकाळी आठपासून मी दर अर्ध्या तासाने माझ्या फोनवरून तिचा नंबर लावून बघत होतो. प्रत्येक वेळी तोच रेकॉर्ड केलेला आवाज, हा नंबर सेवेत नाही. तोपर्यंत तो आवाज मला पाठ झाला होता. बायकोचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर होता, शेजारी हळदकुंकवाची कोयरी. ती फोनकडे बघत नव्हती. चहाचं आधण मात्र तिने दोनदा ठेवलं आणि दोनदा बंद केलं. बारा वाजले. साडेबारा वाजले. मी वर माझ्या खोलीत एका मीटिंगमध्ये आवाज बंद करून बसलो होतो. ती अकोल्याची मुलगी पास झाली असेल, दारात येईल, फोन लागणार नाही, आणि मग पुन्हा तिला वाटेल की काहीतरी बिनसलंय. बेल वाजवायची नाही हा नियमही आमचाच. मी खिडकीतून ड्राइव्हवे पाहिला. रिकामा. परत बसलो.

एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना मी पुन्हा नंबर लावला.

या वेळी तो आवाज आला नाही. रिंग वाजू लागली. एकदा, दोनदा. मी उठून उभा राहिलो. आणि त्याच वेळी खालून, स्वयंपाकघरातून, बायकोचा आवाज ऐकू आला. ती माझ्याशी बोलत नव्हती.

"हं, थांब. आले. नाही गं, मध्ये कुणाचातरी फोन येतोय... काही नाही, घरातलाच आहे."

आणि तिने माझा फोन कापला.

मी खिडकीशी गेलो. खाली ड्राइव्हवेत एक पांढरी गाडी उभी होती, निळ्या बिनपासून चांगली सहा फूट लांब.